"ताई, हात असावा लागतो का?" टॅलेंट, शिकणं अन् यश याबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं सांगते. नागपुरात नंदनवनला मी गेली १९ वर्षं शिवणक्लास घेते. सहा मशीन, एक कटिंगचा टेबल, उन्हाळ्यात एक कुलर जो नवतपात नावापुरताच चालतो. पोरी शिकायला येतात, त्यांना सोडायला आया येतात, आणि आया आल्या की शिवण बाजूला राहतं अन् वेगळेच प्रश्न सुरू होतात. पोट्ट्याचं डोकं गणितात चालत नाही, मुलगी गाते छान पण पुढे काय, माझ्यात टॅलेंटच नव्हतं म्हणून मी राहून गेले, असं सगळं. तेच तेच उत्तर पन्नास वेळा देऊन कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून काढलं. क्रम वगैरे काही लावला नाही, जसं आठवलं तसं आहे.

ताई, शिवणकामाला मुळात हात असावा लागतो का?

असतो. लोकांना वाटतं मी क्लासवाली, मी म्हणणारच की सगळं शिकून येतं, फी मिळते ना मला. पण खोटं काहून बोलू. पहिल्या आठवड्यातच दिसतं. पायमशीनवर बसवलं की बहुतेक पोरींचं पॅडल उलटं जातं, चाक मागे फिरतं, धागा तुटतो, मग रडवेला चेहरा. आणि एखादी असते जी बसते अन् दहा मिनिटांत सरळ टाका मारून मोकळी.

काही वर्षांपूर्वी एका बॅचला दोघी होत्या. एक अशी की कापड हातात घेतलं, दोन्हीकडून जरा ओढून बघितलं की उभा धागा कोणता, आडवा कोणता हे न सांगता कळायचं तिला. पहिला ब्लाउज तिचा असा बसला की तिची आई म्हणाली बाहेरून शिवून आणला का. दुसरीनं पहिल्या ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. ज्यांनी शिवलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बाहीची पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खोल कापतात, त्यामुळे कापड समोरासमोर ठेवून कापलं नाही तर दोन डाव्या बाह्या तयार होतात अन् उजवा हात उघडा. तिनं ते एकदा नाही, तीनदा केलं. तिसऱ्या वेळी मी पण ओरडले.

आज त्या दुसरीकडे तीन मशीन आहेत, लग्नसराईत ती ऑर्डर परत पाठवते. पहिली शिवत नाही. आता लगेच ससा-कासवाची गोष्ट करू नका, कारण पहिली बँकेत लागली, मजेत आहे, तिला शिवणाचा कंटाळा आला इतकंच. पण मी दोघींना सहा महिने जवळून पाहिलं ना, तर एक गोष्ट दिसली. जिला पटकन जमायचं तिला उसवायची सवयच लागली नाही, आणि पुढे कटोरी ब्लाउजला जेव्हा पहिल्यांदा अडली तेव्हा तिनं ते कापड पिशवीत घातलं अन् नंतर बघू म्हणाली. दुसरी तर रोजच उसवत होती, तिला अडण्याची भीती राहिलीच नव्हती.

मग टॅलेंट म्हणजे नेमकं काय धरायचं?

मी तरी एवढंच धरते की सुरुवातीला किती लवकर जमतं आणि सांगितलेलं किती कमी वेळा परत सांगावं लागतं. कुठपर्यंत जाणार ते त्यावरून कळत नाही.

ते १०,००० तासांचं खरं आहे का? म्हणजे कुणीही १०,००० तास केले की मास्टर?

हा प्रश्न बहुतेक बाबा लोक विचारतात, मोबाइलवर कुठेतरी ऐकलेलं असतं. मूळ गोष्ट अशी आहे. १९९३ साली अँडर्स एरिक्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ अन् त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या एका संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास छापला. जे सगळ्यात चांगले वाजवायचे त्यांनी विसाव्या वर्षापर्यंत एकट्यानं बसून सरासरी १०,००० तासांच्या आसपास रियाज केलेला होता, बाकीच्यांचा त्याहून कमी. आता सरासरी म्हणजे काय, कुणी जास्त कुणी कमी. शिवाय ते विद्यार्थी होते, अजून उस्ताद व्हायचे होते. पुढे दुसऱ्याच लोकांनी त्या सरासरीचा नियम करून टाकला आणि तो जगभर पळाला. एरिक्सन स्वतः सांगत राहिले की बाबांनो मी असा नियम सांगितलेला नाही, पण ऐकतो कोण.

अजून एक बघा. २००७ मध्ये अर्जेंटिनाच्या बुद्धिबळवाल्यांचा अभ्यास झाला होता, त्यात मास्टरच्या लेव्हलला पोचायला कुणाला ३,००० तास लागले अन् कुणाला २३,००० च्या वर. सात पटीपेक्षा जास्त फरक! आणि काही जण तर तितके तास घालूनही पोचले नव्हते. म्हणून कुणी "इतके तास करा, झालंच समजा" म्हटलं की मला गांधीबागेतला तो दुकानदार आठवतो जो प्रत्येक अस्तराला "गॅरंटी, आटणार नाही" म्हणतो. आटतं. भिजवूनच घ्यावं लागतं.

तसा बर्लिनच्या त्या अभ्यासातला मला आवडलेला भाग वेगळाच आहे, जो कुणी सांगत नाही. सगळ्यात चांगले वाजवणारे झोपायचे पण जास्त, दुपारची डुलकी वगैरे. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हापासून तो रविवारी व्हायोलिनिस्ट झाला आहे.

म्हणजे मेहनतीनं फरक पडतच नाही का?

असं कुठे म्हटलं मी! पडतो, पण सगळीकडे सारखा पडत नाही. २०१४ साली मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ओसवाल्ड या तिघांनी आधीचे ८८ अभ्यास एकत्र करून बघितलं की माणसामाणसांतला जो फरक दिसतो त्यातला किती भाग सरावावरून सांगता येतो. खेळ म्हणजे बुद्धिबळासारखे गेम, त्यात २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळात १८, शिक्षणात ४, आणि नोकरी-धंद्यात एका टक्क्याहूनही कमी निघाला.

हे आकडे वाचून एक बाई मला म्हणाल्या, मग कशाला शिकवता. अहो, ते तसं वाचायचं नसतं. त्याचा अर्थ असा नाही की सराव न करता ७४ टक्के बुद्धिबळ आपोआप येईल. सराव तर सगळ्यांनीच केलेला असतो, त्यांच्यात आपसात जो पुढे-मागे फरक आहे त्याचं हे गणित आहे. उरलेल्यात काय काय आहे, जन्मतः मिळालेलं, वय, कुणाकडे शिकला, घरी काय परिस्थिती, नशीब, सगळंच. आणि धंद्यात एवढा कमी आकडा का, तर माझ्या मते (हे माझं मत, अभ्यासाचं नाही) धंद्यात "चांगलं" कशाला म्हणायचं तेच धड ठरलेलं नसतं. बुद्धिबळात हरला की हरला. इथे गळा पडलेला ब्लाउज देऊनही गोड बोलून चालवणारे टेलर मी पाहिले आहेत.

पण दिव्या देशमुख? ते तर सरळसरळ टॅलेंट आहे ना?

नागपुरात हा प्रश्न २०२५ च्या जुलैपासून सुरू झाला तो थांबायचं नाव घेत नाही. जॉर्जियात बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप झाला, फायनलला समोर कोनेरू हंपी, टायब्रेकला आपली पोरगी जिंकली, वय १९. आणि गंमत म्हणजे जाताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (त्या पदवीसाठी स्पर्धांत करून दाखवावी लागते ती ठरावीक कामगिरी) नव्हता, वर्ल्ड कपच जिंकला म्हणून थेट ग्रँडमास्टर, भारताची ८८ वी. आई-बाबा दोघं डॉक्टर. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन आया आल्या की मुलीला चेसला टाकू का शिवणाला. मी म्हटलं पोरीला विचारलं का?

टॅलेंट आहेच, कुणी नाही म्हणणार. पण जरा मागे जाऊन बघा. पाच वर्षांची असताना खेळायला लागली, २०१४ ला दहा वर्षांखालच्या मुलींची वर्ल्ड चॅम्पियन, २०२४ ला वीस वर्षांखालची, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडला टीमसोबत गोल्ड. म्हणजे आपल्याला टीव्हीवर दिसली ती एक दुपार, त्याच्या मागे १४ वर्षं. आणि त्या १४ वर्षांत ती हरली किती वेळा हे कुणी मोजतं का? बुद्धिबळात प्रत्येक हरलेला डाव लिहून ठेवलेला असतो, मग बसून बघायचं कुठे चुकलं. आमच्याकडे त्याला उसवणं म्हणतात.

तिच्याच वयाचा रौनक साधवानी पण नागपूरचाच, २०१९ ला तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. संकल्प गुप्ता २०२१ ला. आता एकाच शहरात एवढे निघाले तर नागपूरच्या पाण्यात काही आहे का? पाण्यात असतं तर माझ्या भावाला घोडा अडीच घरं चालतो हे तरी कळलं असतं. शहरात शिकवणारे असले, स्पर्धा असल्या, आधी कुणी वर गेलेलं दिसलं की मागच्यांची वाट जरा सोपी होते, मला तरी असंच वाटतं.

मग उशिरा सुरू केलेल्याचं काही होत नाही का?

उमेश यादव. वडील कोळसा खाणीत कामाला, खापरखेड्याकडचं गाव. पोलिसात भरती व्हायचा प्रयत्न केला, थोडक्यात हुकला. विशीपर्यंत टेनिस बॉलनं खेळला, लेदर बॉल हातात आला तोच उशिरा. २००८ ला विदर्भाकडून रणजी, २०१० ला भारताकडून वनडे, २०११ ला टेस्ट. शेवटी ५७ टेस्ट, १७० विकेट.

हे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीनं वापरतात. टॅलेंटवाले म्हणतात बघा, वेग जन्मतः होता, अकॅडमी नको न काही नको. मेहनतवाले म्हणतात खाणकामगाराचा पोरगा मेहनतीनं पोचला. मला विचाराल तर दोघं एक माणूस विसरतात. विदर्भाचे तेव्हाचे कॅप्टन प्रीतम गंधे, ज्यांनी त्याला बॉलिंग करताना पाहिलं अन् म्हटलं ये. तो वेग अंगातच होता, मान्य. पण तो कुणी पाहिलाच नसता तर तितकाच वेग घेऊन तो आज कुठल्या तरी चौकात ड्युटीवर उभा असता, आणि चांगला पोलीस असता, पण आपण नाव ऐकलं नसतं. असे किती असतील हो, ज्यांना कुणी ये म्हटलं नाही.

विदर्भाची टीम अचानक कशी जिंकायला लागली? आधी काय टॅलेंट नव्हतं?

हा प्रश्न एका पोरीच्या आजोबांनी विचारला, ते सिव्हिल लाइन्सच्या जुन्या ग्राउंडवर मॅच बघायला जायचे, आता पायऱ्या चढवत नाहीत म्हणून क्लासच्या बाहेर खुर्ची टाकून बसतात. प्रश्न जबरदस्त आहे. विदर्भ १९५७ पासून रणजी खेळून राहिलं, साठ वर्षं कुणी गंभीरपणे घेतलं नाही, आणि मग २०१७-१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा चॅम्पियन, लगेच २०१८-१९ ला परत, आणि २०२४-२५ ला नागपूरच्याच जामठ्यात केरळसमोर पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा. त्या शेवटच्या सीझनला हर्ष दुबेनं ६९ विकेट घेतल्या, एका रणजी सीझनमधला विक्रम.

साठ वर्षं विदर्भातल्या बायकांनी टॅलेंट नसलेली पोरं जन्माला घातली अन् मग एकदम सुधारल्या, असं तर झालं नसेल ना. अकॅडमी झाली, मैदानं झाली, चंद्रकांत पंडितांसारखा कडक कोच आला, वसीम जाफरसारखा माणूस ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसला ज्याला बघून पोरांना कळलं की तीनशे बॉल खेळायचे म्हणजे काय. पोरं तीच, उमरेडची, यवतमाळची, अकोल्याची. आजोबांना हे उत्तर पटलं नाही, ते म्हणतात सिलेक्शन सुधारलं. ते पण खरं असेल.

प्रॅक्टिस कशी करायची? माझी मुलगी रोज दोन तास बसते तरी फरक नाही.

काय करते त्या दोन तासांत? हे विचारल्यावर निम्म्या वेळा कळतं की जे येतं तेच परत परत करून राहिली. सरळ टाका येतो, मग सरळ टाकाच. बघायला छान वाटतं, आई पण खूश.

माझ्याकडची पद्धत सांगते. बाही मुंढ्याला (खांद्याखालचा गोल, जिथे बाही जोडतात) बसवणं हे सगळ्यात अवघड काम, कारण बाहीचा गोल मुंढ्याच्या गोलापेक्षा जरासा मोठा असतो, तो थोडा थोडा मुरवत न्यावा लागतो, नाहीतर वर चुणी पडते. मी पूर्ण ब्लाउज शिवूच देत नाही. जुन्या चादरीचे तुकडे, त्यावर फक्त मुंढा कापायचा, बाही लावायची, दाखवायची, उसवायची. परत. एका आठवड्यात एकच काम. मी बोट ठेवते इथे चुणी आहे, आणि विचारते का आली. "हात हलला" हे उत्तर मी घेत नाही. कुठे हलला, टाचणी कुठे नव्हती, कापड वरचं ओढलं का खालचं. पाचव्या-सहाव्या वेळी पोरगी स्वतःच म्हणते ताई, खांद्याजवळ खालचं ओढलं गेलं. तिथे समजायचं आता ही शिकायला लागली.

वरून टाका सुंदर अन् पलटी मारली की खाली धाग्याचं जाळं, हे तर रोजचं. नवशिकी म्हणते मशीन खराब. थोडी शिकलेली बॉबिन काढून बघते. मुरलेली आधी वरचा धागा परत ओवते, कारण दहात आठ वेळा तिथेच चुकलेलं असतं. हात तिघींचे सारखेच असतात हो, कुठे बघायचं ते कळायला वेळ लागतो.

आणि हे कंटाळवाणं आहे, ते लपवत नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त असं कुणाकडून करून घेऊ नये, नंतर उगाच चुका पक्क्या होतात.

मुलाला "तू हुशार आहेस" म्हणावं की नाही?

१९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. आधी सोपी कोडी, मग काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना आपटवलं. नंतर परत सोपी. हुशार म्हटलेल्यांचं दुसऱ्यांदा सोप्यातही बिघडलं, मेहनत म्हटलेल्यांचं सुधारलं. आणि मार्क किती मिळाले ते लिहून द्या म्हटलं तर हुशारवाल्यांपैकी जास्त जणांनी फुगवून लिहिले! पुढे या विषयावर उलटसुलट निकाल येत गेले, सगळीकडे तसंच दिसलं नाही, त्यामुळे घरात एखाद वेळी "हुशार माझं बाळ ते" म्हटलं म्हणून काही बिघडत नाही, आजी तर म्हणणारच.

मी काय करते, तर "छान" एवढं म्हणतच नाही. "पाठीचे टक्स आज सारखे आलेत" म्हणते. पोरीला कळतं की ताईनं खरंच बघितलं.

बोटांचे ठसे घेऊन मुलाचं टॅलेंट सांगतात, ती टेस्ट करावी का?

नको. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कोणता भाग तेज आहे अन् पोरानं डॉक्टर व्हावं की गायक, हे सांगण्याला शास्त्राचा आधार नाही. माझ्या बहिणीनं काही हजार देऊन केली, शाळेच्याच हॉलमध्ये स्टॉल लावला होता, रंगीत तीस पानांचा रिपोर्ट आला, भाच्यात "संगीताची उपजत जाण" निघाली. पोरगा आरतीला टाळी चुकवतो. त्या पैशात दोन महिने कुठलाही क्लास लावा, आवडलं तर ठीक, नाहीतर दुसरा.

घराण्यातून येतं का?

उंची येते, अंगकाठी येते, आवाजाची जात येते. बाकी बरंच काही थोडं थोडं येतं, किती ते मोजणारे भांडत असतात. पण घराण्यातून येतं म्हणतात त्यातलं निम्मं तर एका घरात राहिल्यामुळे येतं. टेलरच्या पोराला कात्री धरता येते कारण तो त्या टेबलाखाली खेळलेला असतो.

हंगेरीतल्या पोल्गार बहिणींचं बघा. वडील लास्लो पोल्गार, त्यांचं म्हणणंच होतं की तल्लख मुलं घडवता येतात, तिन्ही मुलींना घरीच शिकवलं, बुद्धिबळ. सुसान १९९६ ला महिलांची वर्ल्ड चॅम्पियन झाली. युडिट १९९१ ला १५ व्या वर्षी ग्रँडमास्टर, पुढे पुरुषांसकट जगात आठवी. म्हणजे वडील बरोबर होते? पण मधली सोफिया इंटरनॅशनल मास्टरपर्यंत गेली, जे आपल्यासाठी प्रचंड आहे, पण बहिणींइतकं नाही. घर तेच, बाप तोच, पटही तोच. तिघींच्या आईला कुणी विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं की तिघींचे स्वभावच वेगळे.

टॅलेंट पण आहे, शिकले पण, तरी यश नाही. काय चुकलं?

बाप्पा, याच प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ बसावं लागतं. कारण विचारणारीचं बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं.

सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात आपण नाटकं बघतो ना, त्या वसंतरावांचंच बघा. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा, लहानपण नागपुरात, इथे शंकरराव सप्रेंकडे गाणं शिकले. लहानपणीच भालजी पेंढारकरांनी सिनेमात कृष्णाचं काम दिलं, म्हणजे टॅलेंट दिसलेलं होतं. पुढे लाहोरला जाऊन शिकले, अजून कुणाकुणाकडे शिकले, म्हणजे शिकणंही झालेलं. आणि मग? मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी, वर्षानुवर्षं. "कट्यार काळजात घुसली" रंगमंचावर आलं १९६७ ला, त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेनं त्यांना घराघरात पोचवलं तेव्हा वय ४७. गळा तर आधीपासून तोच होता की. आणि त्याच सप्रे गुरुजींकडे शिकलेले सी. रामचंद्र, ते तोपर्यंत हिंदी सिनेमात संगीतकार म्हणून केव्हाचे गाजलेले होते. एकच गुरू, नागपूर तेच, एकाचं लवकर झालं एकाचं उशिरा. १९६६ मध्ये कुणी वसंतरावांना विचारलं असतं काय चुकलं, तर काय सांगणार?

माझं स्वतःचं सांगते. सुरुवातीला मी एका मोठ्या बुटीकसाठी घरून शिवून द्यायची. काम एक नंबर, कधी परत आलं नाही. एका दिवाळीला चाळीस ब्लाउज दिले, पैसे निम्मेच आले, बाकीचे आज देतो उद्या देतो करत बुडाले. मी वर्षभर समजत राहिले की माझ्या फिनिशिंगमध्येच काहीतरी कमी आहे, म्हणून अजून बारीक तुरपाई, अजून सुबक पायपिंग. फिनिशिंगचा प्रश्नच नव्हता. मी लिहून घेतलं नव्हतं, ॲडव्हान्स मागितला नव्हता, भाव बोलताना मान खाली घालायची. ते शिकायला मला अजून तीन वर्षं लागली अन् ते कुठल्या शिवणक्लासात शिकवत नाहीत. आता मी शेवटच्या महिन्यात शिकवते, भाव कसा सांगायचा, सांगून झाल्यावर गप्प कसं बसायचं. पोरी हसतात, पण सगळ्यात जास्त तिथेच अडतात.

आणि कधी कधी चूक शोधायची पण नसते. सासूबाई आजारी पडल्या, घर शिफ्ट झालं, समोरच्या गल्लीत रेडीमेडचं दुकान उघडलं. याला कुणाच्या टॅलेंटमध्ये कमी आहे असं म्हणायचं?

चाळीशीनंतर शिकता येतं का?

येतं. वेग कमी होतो, सुईत धागा ओवायला चष्मा लागतो. माझ्याकडे एक काकू ५८ व्या वर्षी आल्या, ऑफिसातून रिटायर होऊन. पोरी जे चार दिवसांत शिकतात त्याला त्यांना दोन आठवडे. पण त्यांना एक येत होतं जे पोरींना येत नाही. न समजलं की सरळ विचारायच्या, लाज नाही, चार वेळा विचारायच्या. नातीचा फ्रॉक शिवला अन् क्लास बंद केला, म्हणाल्या एवढंच हवं होतं. आता याला यश म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, त्यांनी तर मला संत्रा बर्फी आणून दिली होती.

यूट्यूब बघून होतं का?

कटिंग होतं. फिटिंग होत नाही. व्हिडिओ तुमची चुणी बघत नाही.

माझ्यात कशातच टॅलेंट नाही असं वाटतं.

किती गोष्टी केल्यात? बहुतेक जणी दोन मोजतात, त्यातली एक शाळेतलं गणित. उरलेली हजार कामं हातात घेतलीच नाहीत तर कळणार कसं. आणि समजा खरंच कशात चटकन जमत नाही, तरी दोन डाव्या बाह्या कापणारी पोरगी आठवा, तिच्याकडे यंदा माझ्या भाचीच्या लग्नाचे ब्लाउज टाकलेत मी. वेळ नाही म्हणत होती, ताई म्हणून घेतले.

नवीन बॅच कधी? पहिल्या दिवशी काय आणायचं?

दर महिन्याच्या एक तारखेला, दुपारी दोन ते चार. टेप, खडू, कात्री (घरातली भाजीची नको), टाचण्या, एक जुनं ब्लेड उसवायला आणि एक जुनी सुती चादर, धुतलेली. नवीन कापड आणू नका. दरवेळी सांगते तरी कुणीतरी लग्नातला सिल्कचा पीस घेऊन येतेच, मग तो दोन महिने माझ्या कपाटात पडून राहतो.